केसावर भांडी

आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात.
पुण्याची जाऊ हसायची त्यावर.
परवा बिंदू चौकात रिक्षावाला म्हणाला, “दादा, कुठं सोडू?”
तेव्हा पहिल्यांदा माझं व्याकरण
माझ्या डोक्याशी जुळलं.
हसलो. निम्मंच.

केस आधी उशीवर आले,
मग चहाच्या गाळणीत,
मग भाकरीत एक, लांबसडक, माझाच.
सासऱ्यांनी तो न बोलता ओढून काढला,
पितळीच्या कडेला ठेवला
आणि पुढचा घास घेतला.
त्यांचं ते न बोलणं मला बरेच दिवस पुरलं.

सीपीआरच्या व्हरांड्यात तीन मंगळवार बसल्यावर
नाव कळलं: ल्युपस.
वाटलं, एखादी टूथपेस्ट.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचंच रक्त तुम्हाला परकं समजतंय.
म्हटलं, बाई, आमच्या भावकीत हे जुनंच आहे.

गालांवर लाल फुलपाखरू, आणि ऊन वर्ज्य.
भर थंडीत महाद्वार रोडनं छत्री उघडून जातो.
गजरेवाली, जिच्याकडं माझं खातं होतं,
ओरडून विचारते, “पाऊस हाय व्हय?”

नोव्हेंबरात देवळात मावळतीची किरणं येतात.
पहिल्या दिवशी अंबाबाईचे पाय,
मग कंबर, मग मुख.
लोक हात जोडून उन्हाची वाट बघतात.
मी खांबाआड उभा राहतो.
माझ्या तोंडाशी पोचायला त्याला
पाच मिनिटं लागतात,
आणि पुढचे पाच दिवस मला.

उपाय चालत घरी आले.
माका, जास्वंद, कांद्याचा रस,
इचलकरंजीच्या कुणा मामींचं तेल, गोठ्याच्या वासाचं.
“तू टेन्शन लई घेतीस,” म्हणून गेली शेजारीण.
जसं काय गंगावेशीत जाऊन
मी रोज लिटरभर घेऊन येतो.

केस टाकले मात्र नाहीत.
साडीच्या दुकानाच्या पिशवीत भरत गेलो,
गाठ मारून दिवाणाखाली.
का, ते विचारू नका.
माणूस गेल्यावर त्याचा चष्मा ठेवतातच की आपण.

मग एका दुपारी निंगव्वा आली,
डोक्यावर पाटी, गल्लीभर आवाज:
केसावर भांडीऽऽ
पिशवी सोडली तिच्यापुढं.
तिनं एक बट बोटांवर गुंडाळली, ताणली,
उजेडाला धरली.
“एवढं? एका घरातलं?”
“एका डोक्यातलं.”
माझ्या स्कार्फकडं तिनं बघितलं नाही.
काटा उचलला, आणि करंगळीनं
पारडं जरासं माझ्या बाजूला झुकवलं.
ते मी बघितलं.
स्टीलची वाटी दिली, आमटीची.
दहा पावलं गेली, परत आली,
पाटीतनं झाकण काढलं.
“ह्या वाटीला झाकण नसतंय. पण घे.”

संध्याकाळी भावाचा पोरगा, हिंदुराव, तालमीतनं आला,
कानात लाल माती, डोकं गुळगुळीत.
उरलेल्या चार बटांवर त्यानंच मशीन फिरवलं,
मागं सरकून बघितलं, वस्तादासारखं.
“आत्ती, आता समोरच्याच्या हाताला
काय बी लागत न्हाई.”
रात्री त्याच डोक्यावर हात ठेवून
मी खूप वेळ रडलो.
थंड होतं. दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

हल्ली कानामागं काहीतरी टोचतंय,
रव्याएवढं.
कुणाला बोललो नाही अजून.

वाटीत आता गोळ्या असतात.
पांढरी, पिवळी, आणि एक अर्धी.
झाकण नीट बसत नाही,
दुसऱ्याच वाटीचं असणार.
सकाळी उघडताना ते खणकन वाजतं,
आणि बाहेरच्या खोलीत सासरे
पेपर खाली न करता म्हणतात,
“उठली.”